ग्रीक शिकायचं ते मराठीतून

पत्र :

आदरणीय ताई, सप्रेम सलाम.

मी पुण्यात सेमिनरीत (ख्रिस्ती पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयात) बी.डी.च्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदवीच्या, पहिल्या वर्षाला आहे. घर नाशिकला, शरणपूर रोडला. बी.ए.पर्यंतचं सगळं शिक्षण मराठीतून झालं. शाळेत आठवी ते दहावी संस्कृत होतं, गुणही बरे पडायचे, म्हणून वाटलं होतं ग्रीक जमेल. पण पहिल्या चाचणीत ४० पैकी ११ गुण मिळाले. पुस्तक इंग्रजी, शिकवणं इंग्रजी. सर ‘जेनिटिव्ह’, ‘डेटिव्ह’ म्हणतात, मी आधी त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ लावत बसते, तोवर फळा पुसलेला असतो. केरळची आणि ईशान्येकडची मुलं भराभर उत्तरं देतात. पुढच्या सत्रात ग्रीकऐवजी दुसरा विषय घ्यायची मुभा आहे. नाताळच्या सुट्टीत तीन आठवडे घरी आहे. आजी म्हणते, ‘आपलं शास्त्र (बायबल) मराठीत, प्रार्थना मराठीत, मग हे ग्रीक कशाला?’ मला तिला उत्तर देता आलं नाही. ग्रीक सोडू का? आणि सोडायचं नसेल तर या तीन आठवड्यांत काय करू?

– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर :

बाळ, तुलाही सप्रेम सलाम.

सोडू नकोस. निदान मे महिन्यापर्यंत तरी नको.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात ग्रीक कुठे अडलंय ते शोधत होते, पण मला सगळीकडे इंग्रजीच अडलेलं दिसलं. ‘जेनिटिव्ह’ म्हणजे काय हे तुला सहावीपासून ठाऊक आहे. वर्गात बाई म्हणायच्या आणि आपण सूर लावून म्हणायचो : स, ला, ते – स, ला, ना, ते. ने, ए, शी – नी, शी, ई, ही. ऊन, हून. चा, ची, चे. त्यातली ‘चा, ची, चे’वाली षष्ठी म्हणजेच सरांची जेनिटिव्ह. इंग्रजीने आपल्या बहुतेक विभक्त्या कधीच टाकून दिल्या, त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना विभक्ती ही चीज काय असते इथपासून समजावावं लागतं. तुझ्या पाठ्यपुस्तकाची सुरुवातीची प्रकरणं त्यांच्यासाठी लिहिलेली आहेत. तू मात्र ती वाचताना स्वतःला अडाणी समजून बसलीस.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून टाक. नॉमिनेटिव्ह म्हणजे प्रथमा. अॅक्युझेटिव्ह म्हणजे द्वितीया. जेनिटिव्ह म्हणजे षष्ठी, आणि पंचमीचं ‘हून’देखील तिच्याच पदरात. डेटिव्ह म्हणजे चतुर्थी, शिवाय तृतीयेचं ‘ने’ आणि सप्तमीचं ‘त’ही तीच सांभाळते. व्होकेटिव्ह म्हणजे संबोधन. संस्कृतच्या आठ विभक्त्यांचं काम ग्रीक पाचांत भागवते, इतकंच. आता योहानाच्या शुभवर्तमानातला ‘शब्द’ चालवून बघ : लोगोस, लोगू, लोगो, लोगोन, आणि हाक मारायची तर लोगे. शब्द, शब्दाचा, शब्दाला, शब्द, अरे शब्दा. ‘देवः देवौ देवाः’ तीन वर्षं घोकलेल्या मुलीला हे जड नाही. त्यातलं द्विवचनही नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या मूळ ग्रीकमध्ये लिहिलेल्या दुसऱ्या भागाच्या, ग्रीकमध्ये गळून गेलंय, म्हणजे पाठांतराचं एक ओझं आधीच कमी.

लिंगांचंही तेच. इंग्रजी पुस्तक पानभर समजावतं की वस्तूलासुद्धा लिंग असतं. आपल्याकडे तो दगड, ती वाट, ते झाड हे तीन वर्षांचं पोरही चुकवत नाही. आणि उच्चार! पी आणि फी, ताउ आणि थीटा, काप्पा आणि खी यांतला फरक सांगताना इंग्रजी पुस्तकं किती कसरत करतात. प्राचीन ग्रीकमध्ये हे प-फ, त-थ, क-ख असेच अल्पप्राण-महाप्राण जोड होते. ते तुझ्या तोंडात आयतेच आहेत. (वर्गात मात्र सर करतात तोच उच्चार कर. पद्धती एकाहून जास्त आहेत आणि तो वाद पहिल्या वर्षाचा नव्हे.)

माझं स्वतःचं सांगते. मीही मराठी माध्यमातली. पहिल्या वर्षी सगळी षष्ठी मी ‘ऑफ द, ऑफ द’ करून पाठ केली. पाठ झाली, पण समजली नाही. एकदा पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायातली चौदावी ओवी (वचन) अभ्यासाला होती, ‘ख्रिस्ताची प्रीती’ असे शब्द आहेत तिच्यात. शिक्षकांनी विचारलं, ही प्रीती ख्रिस्ताने केलेली, की ख्रिस्तावर केलेली? वर्गात दोन्ही इंग्रजी नावं ऐकली, लिहून घेतली, डोक्यात काही शिरलं नाही. त्या रात्री वसतिगृहात घरी पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘आईची फार आठवण येते.’ पेन तिथेच थांबलं. आईची आठवण! म्हणजे मला आईबद्दल येणारी आठवण. पण ‘या घरात सगळीकडे आईच्या आठवणी आहेत’ किंवा ‘आईच्या आठवणी ऐकत बसलो’ म्हटलं, की त्या आईने सांगितलेल्याही असू शकतात. चा-ची-चे दोन्ही बाजूंनी वाहतं. ग्रीक षष्ठी नेमकी हेच करते, आणि पौलाच्या त्या ओळीत ती कुठल्या बाजूने वाहते यावर अभ्यासक अजूनही बोलत असतात. दिवसभर वर्गात जे कळलं नव्हतं ते आईला लिहिलेल्या एका ओळीने कळलं. तेव्हापासून मी ग्रीक मराठीतच शिकले, आणि पुढे शिकवायची वेळ आली तेव्हा मराठी मुलांना मराठीतूनच शिकवलं.

आता सुट्टीचं बोलू.

अक्षरं अजून पक्की नसणार, ११ गुणांवरून तसं वाटतं. २४ अक्षरं पक्की व्हायला चार दिवस खूप झाले. त्यासाठी नाशिकचीच एक युक्ती सांगते. १९०६ साली इथून जवळच जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३,००० हून जास्त नाणी. नाणी क्षहरात घराण्यातल्या राजा नहपानाची, त्यांतली बरीचशी नंतर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारून पुन्हा चालवलेली. या नाण्यांवर एका बाजूला राजाचा चेहरा आहे आणि चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं. भाषा मात्र ग्रीक नाही. दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठीत जे प्राकृत आहे तेच ग्रीक अक्षरांत बसवलंय : ‘रान्निओ क्साहारातास नाहापानास’, म्हणजे राजा क्षहरात नहपानाचं. ‘क्ष’ला अक्षर नव्हतं तर कारागिराने क्सी वापरलं. ‘ह’ला अक्षर नव्हतं तर एटा वापरलं. नवा करार जिथे लिहिला जात होता तिथून कितीतरी दूर, आपल्या या गोदाकाठच्या मुलखात, जवळपास त्याच काळात कुणीतरी आपली बोली ग्रीक अक्षरांत लिहीत होतं.

तूही तेच कर. आईची किराण्याची यादी घे आणि ग्रीक अक्षरांत लिहून काढ. तांदूळ सुखाने लिहिशील, फक्त ‘ळ’च्या जागी लाम्ब्दा चालवून घ्यावं लागेल. खोबरं लिहिताना खी गिरवून होईल. पोह्यांपाशी अडशील, कारण ‘ह’ कुठून आणायचा? तिथे तुला आठवेल की ग्रीकमध्ये ‘ह’ला अक्षर नाही, शब्दाच्या सुरुवातीला स्वरावर एक उलट्या स्वल्पविरामासारखी खूण येते, तीच ‘ह’. पुस्तकात तिला रफ ब्रीदिंग म्हणतात. मुलं ती खूण महिनोन्‌महिने विसरतात. पोह्यांपाशी अडलेली मुलगी विसरणार नाही. चटणीपाशी तर ‘च’ही नाही आणि ‘ट’ही नाही, तिथे खुशाल नहपानाच्या कारागिरासारखी तडजोड कर.

मग शब्द. नव्या करारात वेगवेगळे शब्द सुमारे ५,४०० आहेत, हा आकडा ऐकून घाबरू नकोस. त्यांतले ३०० च्या आसपास शब्द ५० किंवा त्याहून जास्त वेळा येतात, आणि एवढ्याशा शब्दांनी नव्या कराराचा सुमारे ८० टक्के मजकूर व्यापलाय. रोज दहा धर. सुट्टीत दीडशे सहज होतील, उरलेले ईस्टरपर्यंत. अर्थ लिहिताना इंग्रजी अर्थ लिहूच नकोस. ग्रीक, समोर मराठी, आणि जिथे नातं असेल तिथे कंसात संस्कृत. पातेर-पितृ, मेतेर-मातृ, ओनोमा-नाम, हेप्ता-सप्त, देका-दश. दिदोमि म्हणजे ददामि. एस्तिन म्हणजे अस्ति. ही भावंडंच आहेत, ओळख दिली की लक्षात राहतात. आत्मनेपद आठवतं ना? पुस्तकात ‘मिडल व्हॉइस’ म्हणून जे येईल, आणि जे समजावताना इंग्रजी वाक्यं वाकडीतिकडी होतील, ते आपलं आत्मनेपद. पण जपून. सारखा आवाज म्हणजे नातं असं नाही. थेओस आणि देव यांचं नातं नाही, कितीही वाटलं तरी. आणि ‘काइ’ म्हणजे ‘आणि’. पहिले काही दिवस प्रत्येक ओळीत तुला कुणीतरी ‘काय?’ विचारतंय असं वाटेल, ते जाईल.

शेवटच्या आठवड्यात व्याकरण मिट आणि योहानाचं पहिलं पत्र उघड. नव्या करारातलं सगळ्यांत सोपं ग्रीक तिथे आहे, शब्द थोडे आणि तेच ते पुन्हा येतात. शिवाय त्याचं मराठी तुला शब्बाथशाळेपासून पाठ आहे. चौथा अध्याय, आठवी ओवी : ‘हो थेओस आगापे एस्तिन.’ देव प्रीती आहे. तुझी दीडशे शब्दांची पुंजी, त्यातला एस्तिन संस्कृतातून ओळखीचा, आणि एक आख्खं वाक्य कुणाच्या मदतीवाचून वाचलंस. मोबाइलवर ग्रीक ओळीखाली इंग्रजी शब्द छापलेलं शास्त्र मिळतं, ते या सुट्टीत उघडू नकोस. डोळा आपोआप खालच्या ओळीवर जातो आणि वरची ओळ नुसती शोभेला राहते. तुझी स्वतःची तशी वही तयार कर. एका ओळीत ग्रीक, खाली तुझ्या हातचं मराठी, चुकलं तरी चालेल.

अवघड काय जाईल तेही सांगते. आर्टिकल. ‘हो, हे, तो’ हे ग्रीक नामाच्या आधी लागतात, आपल्याकडे तसं काही नाही. म्हणून आपली मुलं त्याकडे दुर्लक्ष करतात. योहानाच्या पहिल्याच ओवीत शेवटी आहे ‘थेओस एन हो लोगोस’. नुसत्या शब्दक्रमाने गेलीस तर ‘देव शब्द होता’ असं करून बसशील. ‘हो’ लोगोसच्या आधी आहे, म्हणून कर्ता लोगोस, म्हणून ‘शब्द देव होता’. एका अक्षराएवढ्या शब्दावर एवढी मोठी गोष्ट उभी आहे. दुसरी अडचण, आपण ‘मुळे’, ‘बरोबर’, ‘नंतर’ नामाच्या नंतर लावतो, ग्रीक आधी लावते, आणि विभक्ती बदलली की अर्थ फिरतो. ‘मेता’ षष्ठीबरोबर आला तर ‘बरोबर’, द्वितीयेबरोबर आला तर ‘नंतर’. इथे घोकंपट्टीला पर्याय नाही.

परीक्षेला इंग्रजी संज्ञा लागणारच, त्या त्या पहिल्या पानावरून रोज वाच. आणि सुट्टीवरून गेल्यावर सरांना थेट विचार, भाषांतराचं उत्तर मराठीत लिहिलं तर चालेल का. नाही म्हणाले तर नाही. विचारण्यात कमीपणा नाही. भराभर उत्तरं देणाऱ्या मुलांपैकी एखादीला जोडीदारीण कर, त्यांना इंग्रजी येतं म्हणून ग्रीक येतंच असं नाही.

हे सगळं मनापासून केलंस आणि तरी मेमध्ये पान अनोळखीच वाटलं, तर सोड, आणि सोडल्याचा सल बाळगू नकोस. ग्रीक न येणारे उत्तम पाळक मी पाहिलेत. माणसाच्या मरणघरी जाऊन बसायला ग्रीक लागत नाही.

आता आजींचा प्रश्न. मला वाटतं तुझ्या पत्रातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे, आणि त्या अगदी बरोबर जागी बोट ठेवतायत.

आजींचं शास्त्र मराठीत आहे ते कुणीतरी ग्रीक शिकलं म्हणून. पंडिता रमाबाईंचंच बघ. संस्कृतात एवढ्या निष्णात, कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरव झालेला. त्या केडगावला मुक्ती मिशनचा एवढा व्याप चालवत असताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कशासाठी, तर साध्या बायाबापड्यांना कळेल असं शास्त्र मूळ भाषांवरून मराठीत आणायचं म्हणून. कित्येक वर्षं त्या कामाला लागल्या. मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या बायकांनी खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि त्यांचं पूर्ण शास्त्र १९२४ साली बाहेर पडलं. आजींना हे सांग. त्यांना आवडेल.

पण एवढ्याने आजींचं समाधान झालं नाही तर? ‘रमाबाई शिकल्या ना, मग झालं, तू कशाला?’ असं त्या म्हणू शकतात. म्हणून त्यांना एक ओळ दाखव. मार्ककृत शुभवर्तमान, चौथा अध्याय, ३८ वी ओवी. वादळ, तारवात पाणी शिरतंय, येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला. शिष्य त्याला उठवतात : ‘दिदास्काले, ऊ मेलेइ सोइ होति आपोल्लुमेथा?’ गुरुजी, तुला काळजी नाही का, की... आणि शेवटचा शब्द, आपोल्लुमेथा. बुडतो, नाश पावतो. त्याच्या शेवटी ‘मेथा’ आहे, संस्कृतातल्या ‘लभामहे’मधल्या ‘महे’चा भाऊबंद. उत्तम पुरुष, बहुवचन. एवढंच ग्रीक सांगते.

मराठीला एवढ्याने भागत नाही. मराठीत तुला ठरवावंच लागतं, ‘आम्ही बुडतोय’ की ‘आपण बुडतोय’. ‘आम्ही’ म्हटलंस तर शिष्य येशूला वेगळं काढतायत : आम्ही इथे मरतोय आणि तुझं आपलं झोपणं चाललंय. ‘आपण’ म्हटलंस तर तोही त्याच तारवात, त्याच पाण्यात, बुडालो तर सगळेच. पहिल्यात तक्रार आहे, दुसऱ्यात भीती आहे, आणि थोडी जवळीकही. इंग्रजी भाषांतर करणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही, त्याचं ‘वी’ दोन्हीकडे चालतं. केरळच्या तुझ्या वर्गमैत्रिणीला पडेल, मल्याळममध्येही असे दोन शब्द आहेत. आणि तेवढ्याच ओळीतला ‘सोइ’ : ‘तुला’, की ‘तुम्हाला’, की ‘आपल्याला’? ग्रीकमध्ये एकच एकवचन आहे, आदरार्थी रूप नाही. भीतीने गांगरलेला माणूस गुरुजींना मराठीत काय म्हणेल?

हा निर्णय दर पिढीत कुणीतरी मराठी माणूसच घेणार. मूळ ओळीत काय आहे आणि काय नाही हे स्वतः वाचता येणाऱ्याने तो घ्यावा, एवढं मला पोटतिडकीने वाटतं. ग्रीक उपदेशात मिरवण्यासाठी शिकू नकोस. ‘मूळ शब्द दुनामिस (सामर्थ्य), ज्यापासून डायनामाइट’ असे उपदेश तू ऐकले असशील, मीही ऐकलेत. डायनामाइट नोबेलने १८६७ मध्ये काढलं, पौलाच्या मनात सुरुंग नव्हता. वेदीवरून ग्रीक शब्द एकही उच्चारला नाहीस तरी चालेल. पण ‘आम्ही’ का ‘आपण’, हे ठरवताना तुझ्यासमोर ती ओळ असावी.

नाताळच्या जेवणानंतर आजी निवांत बसतील तेव्हा शास्त्र उघड, त्यांना ती ओवी वाचून दाखव आणि विचार, ‘आजी, तू त्या तारवात असतीस तर काय म्हणाली असतीस? आम्ही, का आपण?’ त्या काय म्हणाल्या ते मला नक्की लिही.

तुझी,
ताई